कलाशिक्षणातील भागीदारी : ड्यूक एलिंग्टन शाळेच्या निमित्ताने

अलीकडे शिक्षणाच्या व्यवहारात 'भागीदारी' हा शब्द फार मोकळ्या हाताने वापरला जातो. विद्यापीठ शाळेशी करार करते, एखादे कलामहाविद्यालय वस्तीतील शाळा 'दत्तक' घेते, समारंभ होतो, छायाचित्रे छापून येतात. शब्द चांगला आहे. पण आपल्या समाजाला तो नवा नाही. बटईने शेत कसणारा आणि त्या शेताचा मालक हेही एकमेकांचे भागीदारच म्हणवले जातात. खळ्यावर माप कोणाच्या हातात असते यावरून त्या भागीदारीचा खरा अर्थ ठरतो. कलामहाविद्यालये आणि सरकारी कलाशाळा यांच्या भागीदारीची समीक्षाही याच प्रश्नापासून सुरू केली पाहिजे. गुणवत्ता कशाला म्हणायचे, ती केव्हा मोजायची आणि मोजण्यापूर्वी शिकवायचे की नाही, हे कोण ठरवतो?

हा प्रश्न हवेत सोडून चालणार नाही. त्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, ड्यूक एलिंग्टन स्कूल ऑफ द आर्ट्स नावाची शाळा आहे. 'पब्लिक स्कूल' म्हटले की आपल्याकडे श्रीमंतांची शाळा डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. ती शहराच्या शिक्षणव्यवस्थेतील शाळा आहे, शहरात राहणाऱ्या मुलांना तेथे फी पडत नाही. इतर विषयांबरोबर नृत्य, नाट्य, गायन, वादन, चित्र-शिल्प, लेखन, रंगमंचाचे तंत्र आणि संग्रहालयाचे शास्त्र येथे शिकवले जाते. १९७४ मध्ये ही शाळा उघडली. पण तिची गोष्ट १९७४ पासून सांगितली तर तिच्यातले निम्मे सत्य हरवते.

१

शाळेला ज्याचे नाव दिले आहे त्याच्यापासून सुरुवात करू. ड्यूक एलिंग्टन याचा जन्म १८९९ मध्ये याच शहरातला. जॅझ संगीतातला तो मोठा रचनाकार. तो शिकला आर्मस्ट्राँग मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९०२ मध्ये उघडलेली ही हस्तव्यवसायाची शाळा. त्या काळात वॉशिंग्टनमध्ये गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. मुलाने हाताचे काम शिकावे की विद्यापीठाचा रस्ता धरावा, हा वाद कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वातही जोरात होता, बुकर टी. वॉशिंग्टन एका बाजूला, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस दुसऱ्या बाजूला. एलिंग्टनला चित्रकलेत गती होती. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूट या नामवंत कलासंस्थेची शिष्यवृत्ती त्याला १९१६ च्या सुमारास देऊ करण्यात आली. ती त्याने घेतली नाही. शाळाही शेवटच्या टप्प्यात सोडली. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा धंदा सुरू केला आणि जोडीने वाद्यवृंद उभा केला. पाटीचे काम सांगायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो विचारी, समारंभाला संगीत हवे आहे काय?

ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते आणि ती कौतुकाची आहेच. परंतु तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे. 'खऱ्या प्रतिभेला महाविद्यालयाची गरज नसते' हे वाक्य ज्यांची मुले महाविद्यालयात सुखाने बसली आहेत त्यांच्या तोंडी फार शोभते. एलिंग्टनला पियानो मिळाला, शिकवणारे वादक मिळाले, संगीताला पैसे मोजणारे शहर मिळाले. हे ज्यांना मिळाले नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. एका एलिंग्टनच्या पुढे अशी किती नावे पुसली गेली, याचा हिशेब कोणत्याही संगीताच्या इतिहासात नसतो. पाट्या रंगवणारे हात आपल्या वस्त्यांतही कमी नाहीत. म्हणून प्रतिभेचा गौरव करून शिक्षणाचा प्रश्न मिटवता येणार नाही.

२

याच आर्मस्ट्राँग शाळेतून १९११ मध्ये आणखी एक विद्यार्थिनी बाहेर पडली होती. तिचे नाव आल्मा थॉमस. पुढे ती हॉवर्ड विद्यापीठात गेली. हॉवर्ड १८६७ मध्ये स्थापन झालेले. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते मोठे केंद्र. १९२४ मध्ये तेथील ललितकला विभागाची पहिली पदवीधर म्हणून ती बाहेर आली आणि शॉ ज्युनियर हायस्कूल या शाळेत कलाशिक्षिका झाली. पस्तीस वर्षे तिने तेथेच शिकवले. चित्रकार म्हणून तिला मान्यता मिळाली ती निवृत्तीनंतर. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. कृष्णवर्णीय स्त्रीचे त्या संग्रहालयातले ते पहिले स्वतंत्र प्रदर्शन.

तिच्या चित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिने शाळेत केलेले काम. १९३८ मध्ये तिने शाळेतच एक चित्रदालन उभे केले. शहराच्या सरकारी शाळांमधले ते पहिले चित्रदालन. त्यासाठी कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे तिने हॉवर्ड विद्यापीठाच्या कलादालनातून मिळवली. म्हणजे विद्यापीठाच्या भिंतीवरची मूळ चित्रे शाळेच्या भिंतीवर आली. ज्या मुलांना आपल्यासारखा माणूस चित्र काढतो हेच ठाऊक नव्हते, त्यांच्यासमोर ती टांगली गेली.

कलामहाविद्यालय आणि सरकारी शाळा यांच्या भागीदारीची व्याख्या करायची झाली तर मी या प्रसंगापासून करीन. येथे मोठा करारनामा दिसत नाही. देणारी संस्थाही त्याच समाजाची आणि घेणारी शाळाही त्याच समाजाची. मध्ये उभी असलेली शिक्षिका दोन्हीकडची. आणि मुख्य गोष्ट अशी की, विद्यापीठाने मुलांची परीक्षा घेऊन मग चित्रे दाखवली नाहीत. मुले विद्यापीठाच्या दारात येण्याची वाट न पाहता विद्यापीठच शाळेत गेले.

याच शहरात त्याच काळात प्रस्थापितांच्या कलासंस्था काय करीत होत्या? कॉर्कोरन हे शहरातले जुने कलादालन. त्याला जोडून कलाशाळा. त्याच्या वार्षिक स्पर्धेत कृष्णवर्णीय चित्रकारांना प्रवेश नव्हता. हॉवर्डमध्ये शिकवणाऱ्या लोइस मेलू जोन्स या चित्रकर्तीने १९४१ मध्ये आपले चित्र सेलिन ताबारी या गोऱ्या मैत्रिणीच्या हाती पाठवले. चित्राला पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी चित्र पाहिले तेव्हा ते उत्तम होते. चितारणारा हात पाहिला असता तर ते दारातच अडले असते. कॉर्कोरनने जोन्स यांची जाहीर क्षमा मागितली ती १९९४ मध्ये, त्रेपन्न वर्षांनी. 'कला फक्त कलेच्या निकषावर पाहावी' असे सांगणाऱ्यांनी ही त्रेपन्न वर्षे आपल्या सौंदर्यशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसवायची ते ठरवावे. दलित साहित्याला 'निकष' शिकवायला निघालेल्यांनीही हे उदाहरण जवळ ठेवायला हरकत नाही.

३

आता १९६८ कडे येऊ. त्या वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. वॉशिंग्टनमध्ये आगी लागल्या, कृष्णवर्णीय वस्त्यांतले बाजाररस्ते जळाले. त्याच वर्षी पेगी कूपर नावाची तरुणी आणि माइक मॅलोन हा नर्तक-दिग्दर्शक यांनी 'वर्कशॉप्स फॉर करिअर्स इन द आर्ट्स' हा उपक्रम सुरू केला. पेगी कूपर ही अलाबामातल्या मोबील गावची, सुस्थितीतल्या कृष्णवर्णीय घरातली. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकलेली आणि पुढे तेथेच कायद्याची पदवी घेतलेली. या विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडले होते १९५४ मध्ये. ती तेथे आली १९६४ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांनी. वर्णभेदाची सवय दहा वर्षांत जात नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

कार्यशाळेसाठी जागा विद्यापीठाची मिळाली. कल्पना मात्र विद्यापीठाची नव्हती. शहरातल्या ज्या मुलांच्या अंगी गुण आहेत पण ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, त्यांना व्यवसायाच्या दारापर्यंत नेणारे शिक्षण द्यायचे, ही त्यामागची भूमिका. दुसऱ्या शब्दांत, महाविद्यालय मुलांकडून जी तयारी गृहीत धरते, ती तयारी करून देण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. ती त्यांनी घेतली. या कार्यशाळेतूनच १९७४ मध्ये शाळा उभी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात एलिंग्टनचे निधन झाले होते. शाळेला त्याचे नाव मिळाले.

शाळेला इमारत मिळाली ती जॉर्जटाउनमधल्या वेस्टर्न हायस्कूलची. १९५४ पर्यंत हे गोऱ्या मुलांचे हायस्कूल होते. जॉर्जटाउन ही शहरातली श्रीमंत गोरी वस्ती. एकेकाळी तेथेही कृष्णवर्णीयांची घरे पुष्कळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाडी आणि जागांच्या किमती वाढत गेल्या आणि ती माणसे हळूहळू तेथून हटवली गेली. त्याच जागी आता कृष्णवर्णीय मुले बसने येऊन गाऊ-नाचू लागली, हा इतिहासाने घेतलेला छोटासा सूड म्हणता येईल. पण सूडावर शाळा चालत नाही. शाळेला शिक्षक लागतात, वाद्ये लागतात, आणि ती दरवर्षी लागतात.

४

येथून भागीदारीचा दुसरा अध्याय सुरू होतो. २००० मध्ये शहराचे शिक्षण खाते, केनेडी सेंटर हे राष्ट्रीय कलाकेंद्र, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ आणि शाळेसाठी देणग्या गोळा करणारा एलिंग्टन फंड अशा चौघांचा मिळून 'ड्यूक एलिंग्टन स्कूल ऑफ द आर्ट्स प्रोजेक्ट' झाला. १९३८ मध्ये एक शिक्षिका आणि एक विद्यापीठ यांच्यात जे घडले, ते आता संस्था, मंडळे आणि करार यांच्या भाषेत आले. याला केवळ नाके मुरडण्यात अर्थ नाही. सरकारी शाळेच्या ठरीव अंदाजपत्रकात नृत्यशिक्षक, पियानोची देखभाल, रंगमंचाचे दिवे बसत नाहीत. मोठ्या संस्थांचे नाव पाठीशी असले की पैसा येतो. शाळेच्या इमारतीचे नूतनीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले तेव्हा त्यावर सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाला होता. सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक. त्यावर टीका झाली, ती हिशेबाच्या दृष्टीने योग्यच होती. तरी सरकारी शाळेतल्या मुलांसाठी उत्तम नाट्यगृह बांधले की ते उधळपट्टी ठरते आणि विद्यापीठाने तेच बांधले की ते सांस्कृतिक कार्य ठरते, हा दुटप्पीपणाही नोंदवला पाहिजे.

माझा आक्षेप पैशाला नाही, मापाला आहे. या शाळेत प्रवेश ऑडिशनने मिळतो. ऑडिशनमध्ये काय मोजले जाते? चौदा वर्षांची एक मुलगी पाचव्या वर्षापासून बॅलेच्या वर्गाला जाते. आईबाप महिन्याला पैसे भरतात. दुसरी मुलगी घरी, रस्त्यावर, चर्चच्या गायनवृंदात जे मिळाले तेवढ्यावर नाचते-गाते. दोघी एकाच परीक्षकापुढे उभ्या राहतात. परीक्षक प्रामाणिक आहे असे समजू. तरीही पहिलीच्या अंगात तो जे पाहतो त्यातला मोठा भाग विकत घेतलेल्या शिक्षणाचा आहे. त्यालाच 'गुण' म्हटले जाते. कार्यशाळेची भूमिका शिकवून तयार करण्याची होती. ऑडिशन तयार झालेल्याला निवडते. ऑडिशनपूर्वी फुकट शिकवणारे कोणी नसेल, तर शाळा सरकारी राहूनही तिचे दार खासगी पैशाने उघडते. कलामहाविद्यालयाच्या भागीदारीची खरी जागा येथे आहे. शाळेतून बाहेर पडणाऱ्या तयार विद्यार्थ्यांची वाट पाहत बसणे हे महाविद्यालयाचे काम सोपे आहे. त्याला मळणीच्या वेळी येणाऱ्या मालकाचे काम म्हणतात. पेरणीच्या वेळी, म्हणजे मूल दहा-बारा वर्षांचे असताना, त्याच्या वस्तीत शिक्षक पाठवणारे महाविद्यालयच भागीदार म्हणवून घेऊ शकते.

२०१८ मध्ये या शाळेवर मोठे वादंग माजले. शाळेतली दीडशेहून अधिक मुले शहराची रहिवासी नाहीत आणि फी न भरता शिकत आहेत, असा संशय शहराच्या शिक्षण अधीक्षक कार्यालयाने व्यक्त केला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नियम पाळला पाहिजे यात वाद नाही. पण नियमामागची परिस्थितीही पाहिली पाहिजे. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के कृष्णवर्णीय होते. २०११ च्या सुमारास हे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले. घरभाडी वाढली आणि पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे शेजारच्या मेरीलँड राज्यात राहायला गेली. शहराने माणसे सीमेबाहेर ढकलायची आणि मग त्यांच्यासारख्यांच्या मुलांना सीमा दाखवायची, असा हा पेच आहे. प्रत्येक पालक या वर्गातला होता असे मी म्हणत नाही. परंतु एका शहरात अशी एकच शाळा असते, म्हणून तिच्या दारावर अशी झुंबड उडते. चार बड्या संस्थांचे पाठबळ एका शाळेवर एकवटते आणि शेजारच्या साध्या शाळेत कलाशिक्षकाची जागाच नसते, तेव्हा त्या भागीदारीने विषमता एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेलेली असते, इतकेच.

५

या टीकेवर एक उत्तर येईल आणि त्याचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, डेनिस ग्रेव्हज पाहा. वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय मुलगी एलिंग्टन शाळेत शिकली, ओबर्लिनच्या आणि पुढे बोस्टनच्या संगीत महाविद्यालयात गेली आणि १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'कार्मेन' म्हणून उभी राहिली. शाळा नसती तर हे झाले असते काय? झाले नसते. म्हणूनच ही शाळा हवी, आणि एक नको, अनेक हव्यात. मी शाळेच्या विरुद्ध लिहीत नाही. ज्या मापाने एक डेनिस निवडली जाते त्याच मापाने किती जणी परत पाठवल्या जातात, हे विचारतो आहे.

दुसरा मुद्दा शिकवायच्या कलेचा. महाविद्यालये शाळेशी भागीदारी करतात तेव्हा आपला अभ्यासक्रमही बरोबर आणतात. युरोपीय ऑपेरा, बॅले, तैलचित्र यांना 'पाया' मानले जाते आणि ब्लूज, जॅझ, चर्चमधले गाणे यांना 'भर' मानले जाते. ज्याच्या नावाने ही शाळा आहे त्या एलिंग्टनला १९६५ मध्ये पुलित्झर सन्मान द्यावा अशी शिफारस संगीताच्या परीक्षकांनी केली होती. मंडळाने ती फेटाळली. मरणोत्तर सन्मान आला १९९९ मध्ये. म्हणून या शाळेत संग्रहालयशास्त्र शिकवले जाते ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. चित्र काढणे शिकवले म्हणजे अर्धे काम झाले. कोणते चित्र भिंतीवर लागेल हे ठरवायला शिकवले म्हणजे माप हातात आले. पेगी कूपर-कॅफ्रिट्झ यांचे २०१८ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांच्या संग्रहातल्या सुमारे अडीचशे कलाकृती त्यांनी या शाळेसाठी ठेवल्या होत्या. आल्मा थॉमसने हॉवर्डकडून आणलेल्या चित्रांचा धागा ऐंशी वर्षांनी असा पुन्हा जुळला. आणि कॉर्कोरन? ते कलादालन २०१४ मध्ये मोडले; त्याची कलाशाळा जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात विलीन झाली, त्याच विद्यापीठात ज्याचे नाव एलिंग्टन प्रकल्पाच्या करारात आहे. ज्या संस्थेने एकेकाळी चित्रकाराची कातडी पाहून दार लावले, तिचा वारसा आज भागीदाराच्या घरात आहे. त्या घराने आता वस्तीत किती शिक्षक पाठवले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या शाळेतल्या मुलांना आहे.

६

कृष्णवर्णीयांच्या या लढ्याशी आपले नाते उसने नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तेथून घेतले. कविता आणि आत्मकथन यांच्या पातळीवर हे नाते आपण जपले. कलाशिक्षणाच्या पातळीवर मात्र त्याचा विचार फारसा केला नाही.

आपल्याकडे शाळा आणि कलामहाविद्यालय यांना जोडणारा धागा कोणता? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. त्या राज्याचे कला संचालनालय घेते, शाळेत कलाशिक्षक असेल तर मुले बसतात. जेथे चित्रकलेच्या तासाला गणिताचा तास घेतला जातो, जेथे रंगपेटीचे पैसे म्हणजे घरातल्या एका दिवसाचे तेल-मीठ, तेथला मुलगा या परीक्षेपर्यंत पोचतच नाही. पुढे महाविद्यालयात आरक्षित जागा असतात. त्यांच्यासाठी तयार झालेला विद्यार्थी मात्र शाळेतच गळालेला असतो. मग 'योग्य उमेदवार मिळत नाहीत' हे ठरलेले वाक्य ऐकवले जाते. उमेदवार मिळत नाहीत, कारण तो घडवण्याचे काम कोणी आपले मानलेले नाही.

आणि घरातली कला? हलगी वाजवणारा बाप, जलशात गाणारा चुलता, पोतराजाच्या पोशाखातले रंग हे सारे कलामहाविद्यालयात येते ते 'लोककला' या सदराखाली, अभ्यासाचा नमुना म्हणून. ते शिकवणारा म्हणून तो बाप वर्गात येत नाही. या बाबतीत आपल्याकडे एक वेगळी परंपरा आहे, तिची आठवण ठेवली पाहिजे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच परिसरात पुढे हायस्कूलही आले. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ मध्ये या महाविद्यालयात उभे राहिले. महाविद्यालय, शाळा आणि समाज एका अंगणात असले म्हणजे काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या जिल्ह्यातल्या कलामहाविद्यालयाकडे तीन साध्या गोष्टी मागाव्यात. एक, जवळच्या जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांत पाचवीपासून आठवड्याला ठरावीक तास महाविद्यालयाचे शिक्षक व वरच्या वर्गातले विद्यार्थी येऊन शिकवतील. कागद आणि रंग महाविद्यालयाचे. दोन, प्रवेशाची परीक्षा घेण्यापूर्वी वस्तीतल्या मुलांसाठी तयारीचे फुकट वर्ग चालतील आणि त्या वर्गांचा हिशेब जाहीर होईल: किती आले, किती टिकले, किती प्रवेशले. तीन, निवड करणाऱ्या आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांवर त्या शाळांचे शिक्षक आणि वस्तीतले कलावंत मतासह बसतील, सत्काराच्या खुर्चीवर नव्हे.

यातली तिसरी मागणी सर्वांत कठीण जाईल, आणि तिच्याच वेळी भागीदार कोण आणि मालक कोण ते उघड होईल. शाळा सुरू होण्यापूर्वी, जूनच्या आधी, या मागण्यांचे लेखी निवेदन देता येते. ज्यांच्या गावात कलामहाविद्यालय आहे त्यांनी सुरुवात करावी.